उजव्या टाकीवरचा फुगा

उजव्या टाकीच्या नळीवर मी लाल फुगा चढवला, दोऱ्याचे चार वेढे दिले आणि दुसऱ्या नळीतून सायकलच्या पंपाने हवा भरायला लागले. फुगा आधी नुसताच हलला, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. मग हळूहळू उभा राहिला.

"बस," दादाराव काका म्हणाले. "एवढाच. जास्त दाब दिला तर सांधे उघडतील."

मी पंप खाली ठेवला. गॅरेजमध्ये आम्ही पाच जण होतो आणि पाचही जण त्या फुग्याकडे बघत होतो.

"आता?" शरयू आत्याने विचारलं.

"आता उद्या अकरापर्यंत तो असाच उभा राहिला पाहिजे."

"मग त्यात बघायचं काय?"

"काहीच नाही," काका म्हणाले. "काही झालं नाही, म्हणजे झालं."

बाबांनी ही टाकी दसऱ्यानंतर दहा दिवसांनी बंद केली होती. ते गॅरेजमध्ये बांधत होते त्या छोट्या विमानाच्या पंखाची पुढची कड म्हणजेच पेट्रोलची टाकी. पाच फूट लांब, आणि रिकामी असताना मूल उचलावं तशी दोन हातांवर उचलता येणारी. तिच्या प्रत्येक सांध्यात आणि पत्रे जोडणाऱ्या प्रत्येक रिव्हेटखाली काळं सीलंट भरायचं असतं. बाबा त्याला डांबर म्हणत. ते सुकायला आठवडा द्यायचा आणि मग फुगा लावून गळते का बघायचं, म्हणून त्यांनी गॅरेजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये ऑक्टोबरच्या एकोणिसाव्या चौकोनात लिहून ठेवलं होतं: उजवी टाकी, फुगा. त्या रविवारी सकाळी ते दूध आणायला गेले, आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या गेले. डांबर तोवर सुकलं होतं.

ते कॅलेंडर अजून ऑक्टोबरवरच होतं. आज थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. मला त्या चौकोनातले तीन शब्द पुरे करायचे होते. त्यापलीकडे काय हवं होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

माझ्या धाकट्या भावाला, निमिषला, मात्र सांगता येत होतं. टेनेसीचा एक माणूस शनिवारी सकाळी ट्रेलर घेऊन विमानाचं सगळं सामान विकत न्यायला येणार होता. निमिषने ते फोनवर ठरवलं आणि जर्सी सिटीहून आल्या आल्या चहाच्या टेबलावर मांडलं.

"ताई, बी प्रॅक्टिकल. कोण पुरं करणार हे? तू सनीव्हेलला, मी तिकडे. आई इथे एकटी, आणि गॅरेजमध्ये अर्धं विमान."

"दादाराव काका आहेत."

"काका सदुसष्ट वर्षांचे आहेत, यार."

"निमिष बरोबर बोलतोय," आत्या म्हणाली. ती दिवसकार्याला पुण्याहून आली होती आणि मग आईसाठी राहिली होती. "माणूस गेला की त्याचं अर्धवट राहिलेलं घरात ठेवू नये. नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते."

आई चहा ढवळत होती. त्यात साखर नव्हती. सात वर्षं या विमानावरून ती बाबांशी कशी कधी भांडून आणि कधी न बोलता वागली, ते घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. दोन गाड्या सात वर्षं बाहेर पावसात उभ्या होत्या. त्यामुळे ती काय म्हणणार हे आम्ही धरूनच चाललो होतो.

"ह्यांनी ती टाकी तपासायची ठेवली होती," ती म्हणाली. "ती आधी तपासा. गळली नाही तर राहू दे विमान. गळली तर शनिवारी जाऊ दे."

"आर यू शुअर?" निमिषने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "म्हणूनच."

त्या दिवशी घरातलं सगळं गॅरेजच्या दाराशी येऊन थांबत होतं. आत्याने डब्यातल्या भोपळ्याचे घारगे केले, आणि प्रत्येकाने आपापला घारगा खात फुगा बघून घेतला. गॅरेजला एकच खिडकी, दक्षिणेची. दुपारी तिथून ऊन आत आलं आणि टाकीवर चढलं. पत्रा उजळला, फुगा गरगरीत झाला. मला वाटलं, टाकी श्वास घेते आहे.

"ऊन लागलं की हवा पसरते," काका म्हणाले. "संध्याकाळी बसेल थोडा. घाबरायचं नाही." ते आयुष्यभर एका विमान कंपनीत इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरचे. चौदा एप्रिलच्या कुठल्याशा कार्यक्रमात बाबांची आणि त्यांची ओळख झाली. आयुष्यभर की-बोर्ड बडवलेल्या बाबांना रिव्हेट मारायला त्यांनी शिकवलं. आताही ते बाबांच्या स्टुलावर बसत नव्हते. शेजारी एक उलटी बादली होती, तिच्यावर बसत.

संध्याकाळी फुगा थोडा बसला. मी घाबरले नाही. अंगणातल्या रेडबडच्या झाडाची शेवटची पिवळी पानं दाराच्या फटीतून आत येऊन फरशीवर पडली होती. ती आपट्याच्या पानांसारखी दिसतात म्हणून बाबा दरवर्षी तीच सोनं म्हणून वाटायचे. मी ती झाडली नाहीत.

निमिषने पुढची गोष्ट मला फार नंतर सांगितली, पुढे कधीतरी एअरपोर्टला जाताना, रस्त्याकडे बघत.

शुक्रवारी तो साडेसहाला उठला. घर झोपलेलं होतं. कॉफी करण्याआधी तो गॅरेजमध्ये गेला. का गेला, ते त्याला माहीत नव्हतं. खिडकीतून राखाडी उजेड येत होता आणि त्यात टाकी पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखी दिसत होती. फुगा पडला होता. थंडीने आक्रसला नव्हता, पडला होता. नळीवरून खाली लोंबत होता.

त्याच्या मनात पहिलं आलं ते, चला, सुटलो. मग त्याची नजर शेल्फवर गेली. बाबा डांबर कालवत त्या प्रत्येक वेळचं उरलेलं थोडं कागदी पेल्यात ठेवत, सुकलं का ते नखाने दाबून बघायला. प्रत्येक पेल्यावर तारीख. चाळीसेक पेले ओळीने उभे होते आणि शेवटचा बारा ऑक्टोबरचा होता. निमिषने तो उचलला आणि नख दाबलं. रबरासारखं घट्ट. त्यात आधीचीही एक खूण होती, नखाची, अर्धचंद्रासारखी. ओलं असताना उमटलेली.

मग त्याने पंप उचलला आणि चारच झटके देऊन टाकीत हवा भरली. फुगा उभा राहिला. तो आत येऊन कॉफी करायला लागला, आणि आम्ही उठलो तेव्हा वर्तमानपत्र वाचावं तसा फोन वाचत बसला होता.

आठ वाजता मी फुगा पाहिला आणि ओरडतच स्वयंपाकघरात आले. "उभा आहे!"

"अजून तीन तास आहेत," निमिष म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

दहाच्या सुमारास फुगा वाकला. पावणेअकराला तो पडला. ऊन चढत होतं, तरी पडला. दादाराव काका नुकतेच आले होते, त्यांनी अजून जाकीटही काढलं नव्हतं.

"रात्रभर उभा होता आणि आता तीन तासांत पडला?" ते म्हणाले. "असं होत नाही. गळती सावकाश असेल तर सावकाश, जोरात असेल तर जोरात."

निमिषने फोन खिशात घातला.

"सकाळीही पडला होता," निमिष म्हणाला. "मी भरला."

आई त्याच्याकडे बघत राहिली. "तू?"

"हो."

"अरे, पण हा नक्की कुणाच्या बाजूचा?" आत्या म्हणाली. "काल टेबलावर हाच ट्रेलर बोलवत होता. मी आपली ह्याच्या बाजूने बोलून बसले!"

निमिष हसला, आणि मग त्याला हसता येईना. तो गॅरेजच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. आई त्याच्याजवळ गेली नाही. ती आत गेली आणि वाटीत भांडी घासायचा साबण कालवून घेऊन आली.

"कुठून गळते ते तरी बघा," ती म्हणाली. "शनिवारी जायचीच असली तरी."

काकांनी टाकीत पुन्हा हवा भरली आणि मी ब्रशने साबणाचं पाणी लावत गेले. जिथून हवा सुटते तिथे बुडबुडे येतात, एवढीच ही परीक्षा. "आधी झाकण," काका म्हणाले. "दहातल्या सात वेळा टाकी चांगली असते, झाकण गळतं." झाकण कोरडं होतं. मग रिव्हेटांच्या ओळी. बाबांच्या हातचे चारशेच्या वर रिव्हेट, एकेकावर पाण्याचा थेंब ठेवत मी पुढे सरकत होते. एकातूनही बुडबुडा नाही. मला आठवतं, मी मनातल्या मनात कुणाला तरी सांगत होते, बघ, बघ.

मग टाकीचं टोक आलं. तिथे हात आत घालता यावा म्हणून एक गोल भोक असतं, आणि शेवटी त्यावर ताटलीएवढी तबकडी स्क्रूने बसवून तीही डांबराने सील करतात. टाकी उभी केली की हे तिचं तोंड. मी तबकडीच्या कडेने ब्रश फिरवला. घड्याळात चार वाजतात त्या जागी, दोन स्क्रूंच्या मधे, पांढरा फेस जमायला लागला. अगदी बारीक. दूध तापताना कडेला येतो तसा.

"सापडलं," काका म्हणाले. पण त्यांच्या आवाजात सापडल्याचा आनंद नव्हता.

आई पुढे झाली. वाकली. तिने फेसाकडे पाहिलं, मग टाकीभोवती अर्धी फिरून दुसऱ्या बाजूने पाहिलं, जागा नीट ओळखून घ्यावी तशी.

"तिथे मी लावलं होतं," ती म्हणाली.

दसऱ्याचं आईने मला एकदाच सांगितलं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

सात वर्षांत तिने गॅरेजमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. चहा द्यायचा तर दाराच्या पायरीवर ठेवायची आणि बाहेरूनच "चहा" एवढंच म्हणायची. तिने तसं ठरवलं नव्हतं. पहिल्या महिन्यात रागाने गेली नाही, आणि मग न जाणं हेच घराचं वळण झालं. पण दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा बाईने करायची, ही तिच्या माहेरची रीत. एरवी ती स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि बाबांचा लॅपटॉप मांडून मोकळी व्हायची. यंदा बाबांनी ड्रिल, रिव्हेटची बंदूक, डांबर मोजायचा काटा, सगळं पुसून गॅरेजमध्येच पाटावर मांडलं आणि काही बोलले नाहीत. दार उघडं ठेवलं.

ती ताट घेऊन आत गेली. तिला वाटलं होतं आत तेलाचा वास असेल. तसा नव्हता, काड्यापेटीतल्या काड्यांसारखा वास होता. आणि सगळं चांदीच्या रंगाचं, स्वच्छ, मोठ्या माशाचा सांगाडा ठेवावा तसं. तिने एकेका हत्याराला हळदकुंकू लावलं. शेवटी बोटावर थोडं ओलं कुंकू उरलं. समोर टाकी उभी होती, तबकडी न बसवलेली, तोंड उघडं. तिने त्या तोंडाच्या कडेला बोट टेकवलं.

"ह्यांनी पाहिलं," ती मला म्हणाली. "पण बोलले काही नाहीत. रेडबडचं पान दिलं मला, सोनं म्हणून. बस."

गॅरेजमध्ये आत्ता तिने एवढंही सांगितलं नाही. ती काकांकडे वळली. "दादाराव, हे कुंकवाने झालं का?"

काका त्या बादलीवर बसले. "वहिनी, डांबर धरतं ते फक्त स्वच्छ पत्र्यावर. तेलाचा हात लागला, धूळ राहिली, की तिथे पकडत नाही. म्हणून सील करायच्या आधी अ‍ॅसिटोनने तीनदा पुसायचं असतं. कपडा पांढरा निघेपर्यंत."

"मग ह्यांनी पुसलं नाही?"

"पुसलं ना. मी होतो इथे." त्यांनी हाताने हवेत एक गोल काढला आणि चारच्या जागी थोडा वळसा दिला. "असं पुसलं. तीनही वेळा. मी म्हणालो, रवींद्र, ते राहिलं. तर म्हणतो, सात वर्षांनी आत आली आहे ती."

गॅरेजमध्ये पंपाच्या नळीतून बारीक सूं आवाज येत होता.

"बस, पुढे त्याने एक शब्द काढला नाही," काका म्हणाले. "पूजा-बिजा मी करत नाही, तुम्हाला माहीत आहे. पेढा खाल्ला होता फक्त. पण मी सांगायला हवं होतं की पेट्रोलला यातलं काही कळत नाही. चाळीस वर्षांत मी एक चूक डोळ्यांदेखत जाऊ दिली, ती ही."

"एवढा शिकलेला माणूस," आई म्हणाली. आणि अचानक हसली. मोठ्याने, तोंडावर हात न धरता. आम्ही तिला ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच हसताना पाहत होतो आणि कसं बघावं ते कळत नव्हतं. हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले. "निमिष, उघड ती तबकडी."

"आई, डील काय होतं? टेक्निकली इट लीक्ड."

"माझ्या बोटाने गळली. ह्यांच्या हाताने नाही गळली. तुझ्या बहिणीने चारशे रिव्हेट बघितले ना आत्ता?"

निमिषने बारा स्क्रू काढले. तबकडी तरी निघेना. काकांनी त्याला पातळ पात्याची पट्टी दिली आणि तो ती कडेने सारत, थांबत, पुन्हा सारत राहिला. डांबर ताणलं जाऊन तुटत होतं. हे काम तासभर चाललं. मधेच आत्याने चहा आणून दिला. तिने तो पायरीवर ठेवला नाही, आत आणला.

तबकडी निघाली तेव्हा कडेवर सगळीकडे काळं चिकटून होतं आणि चारच्या जागी तेवढं स्वच्छ. तिथे आईच्या बोटाच्या टोकाएवढं लाल होतं. कडा थोडी विरलेली, मधे गडद. दीड महिना अंधारात राहून रंग जराही उतरला नव्हता.

निमिषने बाकीचं डांबर खरवडून काढलं. श्रीखंडाच्या जुन्या डब्यात बाबांच्या बनियनचे कापलेले चौकोन होते. काकांनी एकावर अ‍ॅसिटोन ओतलं आणि कुणाला द्यावं म्हणून हात तसाच पुढे धरला.

आईने तो घेतला.

"वहिनी, तू नको," आत्या म्हणाली. एकदम, घाईने. "दे इकडे, मी पुसते."

"का?"

आईच्या कपाळावर काळी बारीक टिकली होती. कुंकू तिने ऑक्टोबरातच, कुणी सांगायच्या आधी, स्वतःच बंद केलं होतं, आणि त्यावर घरात कुणीच काही बोललेलं नव्हतं. आत्याचा हात पुढे झालेला तसाच राहिला.

"शरयू," आई म्हणाली, "बॅटरी धर. मला नीट दिसत नाही."

आत्याने बॅटरी धरली. आईने पहिल्यांदा कपडा फिरवला. पूर्ण गोल, कुठेही वळसा न देता. कपडा गुलाबी निघाला. तिने तो घडी करून पदरात नाही, जमिनीवर नाही, शेल्फवर पेल्यांच्या ओळीशेजारी ठेवला. दुसरा कपडा फिकट निघाला. तिसरा तिने खिडकीशी नेला, उजेडात उलटसुलट करून पाहिला.

"पांढरा," ती म्हणाली. "आता ते काळं कसं कालवायचं, दाखवा."

मग काट्यावर मोजून दहा भाग पांढऱ्यात एक भाग काळं. एकही रेघ वेगळी दिसेनाशी होईपर्यंत ती कालवत राहिली. तिच्या साडीला, निमिषच्या कोपराला, आत्याच्या चष्म्याच्या काडीला ते लागलं आणि कुणाचंही निघालं नाही. तबकडी बसली. उरलेलं तिने कागदी पेल्यात ठेवलं आणि त्यावर तारीख लिहिली. ओळीतला शेवटचा पेला तिचा झाला.

निमिष फोन घेऊन अंगणात गेला होता. परत आल्यावर म्हणाला, "टेनेसीवाल्याला कॅन्सल केलं. नंतरचं काय सांगू?"

"नंतरचं नंतर. गळकं द्यायचं नाही कुणाला, एवढं खरं."

रविवारी तो गेला. मी जाणार होते, पण सनीव्हेलला कळवून टाकलं आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. आई रोज सकाळी चहाच्या आधी गॅरेजमध्ये जायची आणि पेल्यातल्या डांबरात नख दाबून यायची. "अजून मऊ आहे," म्हणायची. त्या आठवड्यातल्या सकाळी मला एकसारख्याच आठवतात: दार उघडल्याचा आवाज, थंड हवेची झुळूक, मग तिची पावलं. कधीकधी अर्धवट झोपेत मला ती पावलं बाबांची वाटत आणि मी ती चूक सुधारत नसे.

नवव्या सकाळी नख उमटलं नाही. तिने पंप नको म्हटलं. पंप लावायच्या नळीला तोंड लावून स्वतःच फुंकलं, थांबत थांबत, गाल लाल होईपर्यंत, आणि मी बोटाने नळी दाबून धरत गेले. फुगा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून निमिषचे मेसेज सुरू झाले. उभा आहे? ताई, फोटो पाठव. उभा आहे ना? अकरा वाजता आईने माझा फोन घेतला आणि एका बोटाने, अक्षर शोधत, लिहिलं: आहे.

मग ती कॅलेंडरकडे गेली. एकोणिसाव्या चौकोनात, तीन शब्दांच्या खाली, पेन्सिलीने बरोबरची खूण केली. ऑक्टोबर उलटला. नोव्हेंबरमध्ये बाबांनी लिहिलेलं काय काय तसंच राहून गेलं होतं. ते तिने बोट ठेवून वाचलं. मग डिसेंबर. तिथेही बाबांचं अक्षर होतं, चौदा तारखेला, एकच शब्द.

"चाकं," तिने वाचलं.

ती चष्मा काढून पुसत उभी राहिली. टाकीवर ऊन आलं होतं आणि फुगा हळूच मोठा होत होता.

"दादारावांना फोन लाव," ती म्हणाली. "विचार, चाकांना काय काय लागतं."